बेथलेहेमला उशिरा पोचणारी गाडी

पप्पा,

तुमच्या पत्र्याच्या पेटीतल्या वह्या या आठवड्यात मी पहिल्यांदा क्रमाने लावल्या. अडतीस भरल्या, दर वैशाखाची एक. दोन वह्यांवर साल घातलेले नव्हते; ते मी मजकुरावरून ठरवले आणि पेन्सिलीने कोपऱ्यात लिहिले. एकोणचाळिसाव्या वहीला तुम्ही खाकी कागदाचे कव्हर घातले आहे, आत मात्र ती कोरी आहे. तुम्ही जाऊन अकरा वर्षे झाली. एवढा काळ ही पेटी मी बीडकडच्या शिरूरच्या घरात तशीच राहू दिली, कारण तिच्यात काय आहे हे मला ठाऊक आहे असे मी धरून चालले होते. न वाचता मत बनवणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वर्गात उभे करून बोलते, हे तुम्हाला माहीत आहे. माझ्याबाबतीत तेवढे कडक होण्याची वेळ आजवर आली नव्हती.

क्रम लावल्याशिवाय मला विचार करता येत नाही, म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टीही इथे लिहिते. आपली मंडळी, म्हणजे आपल्या चर्चची माणसे, पस्तीस घरांची. दसरा झाला की त्यांतली अठ्ठावीस घरे ऊसतोडीला निघत, कुणी सांगलीकडे, कुणी कर्नाटकात, आणि कारखान्याचा हंगाम संपला की चैत्राच्या अखेरीला परतत. डिसेंबरच्या पंचवीस तारखेला चर्चमध्ये तुम्ही, आई, मी, ऊस तोडायचे वय सरलेली सात-आठ म्हातारी माणसे आणि महिन्यातून एकदा येणारे पाळकसाहेब एवढेच असत. बाकीची मंडळी त्या दिवशी कुठल्या तरी फडात मोळ्या बांधत असे. म्हणून मी पाच वर्षांची असताना तुम्ही ठरवले की नाताळ सगळे घरी आल्यावरच करायचा, वैशाखात. कुणीतरी विचारले होते, "गुरुजी, पर तारीख तर निघून गेली की." जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तुम्ही उत्तर दिले होते, "मग गाडी मागं नेऊ." त्या एका उत्तरातून तुमचे ते सगळे विश्व निघाले, ज्यात आपल्या मंडळीची ऊस वाहणारी टायरगाडी काळातून मागे-पुढे जाते, आणि ज्यात तुम्ही अडतीस वर्षे राहिलात.

तुमच्या काळगाडीला यंत्र नव्हते. बैल होते, आणि बैल काळातही बैलाच्याच चालीने चालतात हा तुमचा पहिला नियम होता. त्यामुळे गाडी कुठेही गेली तरी थोडी उशिरा पोचे. पहिल्या वर्षीच्या नाटकात ती बेथलेहेमला पोचते तेव्हा तारा मावळलेला असतो आणि बाळाला घेऊन आईबाप निघून गेलेले असतात. गव्हाणीपाशी फक्त गोठ्याची मालकीण आहे, आणि ती म्हणते, "आत्ताच गेले बघा. वल्ली बाळंतीण, डोस्क्यावर गाठोडं, अन् लेकरू पदराखाली." चर्चच्या पत्र्याच्या शेडसमोर, लिंबाच्या सावलीत बसलेल्या बायकांना याचा अर्थ सांगावा लागला नाही. त्यांतल्या दोघींनी स्वतः तसेच, बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी, फड गाठला होता. मग गाडीतली माणसे खाली उतरतात आणि गोठा झाडायला लागतात. नाटक संपते. प्रभू रंगमंचावर आलाच नाही. पुढच्या सदतीस वर्षांतही तो कधी आला नाही. गाडी क्रूसाच्या टेकडीवर पोचली तेव्हा शिपाई परतले होते आणि एक बाई रक्ताचे कापड धूत होती. तुमच्या विश्वात प्रभू कुणालाच भेटत नाही. ज्यांना तो भेटून गेला अशी माणसे भेटतात, आणि बहुधा ती कामात असतात.

नाटक बसवण्याची तुमची पद्धतही जगात दुसरीकडे कुठे नसेल. दसऱ्याला टोळ्या निघत तेव्हा तुम्ही प्रत्येकाला त्याचे एकच वाक्य देत असा, तोंडी. सहा महिने ते वाक्य पाचटाच्या कोपीत, फडात, मोळी डोक्यावर घेऊन चालताना घोकले जाई. एकाचे वाक्य दुसऱ्याला ठाऊक नसे, कारण दोघे दोन कारखान्यांवर. वैशाखात सगळे एकत्र आले की नाटक पहिल्यांदा पुरे होई, प्रेक्षकांसमोरच. आणि वाक्ये जशी गेली तशी परत येत नसत. "आम्ही उशिरा आलो, आम्हाला क्षमा करा" असे तुम्ही एका मुलीला दिलेले वाक्य कर्नाटकातून आले ते असे: "आमी उशिरा आलो, पर रिकाम्या हातानं न्हाई आलो." वहीत तुम्ही मूळ ओळ खोडून ही लिहिली आहे, आणि शेजारी, माझ्या निबंधातल्या आवडलेल्या वाक्यापाशी करत असा तशी, लाल पेन्सिलीची खूण आहे.

एक सुट्टी आठवते. मी एकोणीस वर्षांची आहे, पुण्याहून सुट्टीला आले आहे, तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गातल्या पहिल्या क्रमांकासह. आई भाकरी थापते आहे. तुम्ही चुलीपाशी पाटावर बसला आहात आणि त्या वर्षीची वही, पुन्हा बेथलेहेमच्याच नाटकाची, माझ्या हातात आहे. मागच्या वेळी पुण्याला निघताना तुम्ही ती मला भेट म्हणून, स्वच्छ अक्षरात उतरवून दिली होती. मी ती दुरुस्त करून परत आणली आहे.

"पप्पा, यांनी गव्हाणी झाडली म्हणजे भूतकाळ बदलला. मग ज्या भविष्यातून हे निघाले ते शिल्लक कसे राहील?"

"झाडल्यानं काय बदलतंय माय? जागा साफ झाली, एवढंच."

"नियम म्हणजे नियम. आणि प्रभू भेटणारच नसेल तर एवढ्या लांब जायचे कशासाठी?"

तुम्ही वही घेतली, माझ्या निळ्या शाईतल्या दुरुस्त्या नीट वाचल्या. "आपली माणसं कुठं येळेवर पोचतेत? लगीन लागल्यावर पोचतेत, मयत उचलल्यावर पोचतेत. त्यांना वाटतं, आपण नव्हतो म्हंजे ते आपलं न्हाईच. त्यांच्यासाठी लिवलंय."

"हे साहित्य झाले नाही, समजूत काढणे झाले," मी म्हणाले.

"भाकर करपायली," आई म्हणाली. "तुमचं बेथलेहेम जरा खाली ठेवा दोघं बी."

तुम्ही हसलात. मी हसले नाही. त्या वर्षी तुम्ही माझ्या दुरुस्त्या घेतल्या नाहीत, आणि मी तुमचे नाटक पुन्हा कधी पाहिले नाही. वैशाखात मला दरवर्षी परीक्षेचे काम निघत गेले. मी धर्मशास्त्र शिकले, ते परदेशात जाऊन शिकले, मंडळीच्या इतिहासावर प्रबंध लिहिला, परत येऊन शिकवू लागले. माझ्या लेखनात चूक सापडत नाही अशी ख्याती झाली. ती मला आवडत होती.

मग धर्मप्रांताच्या कार्यालयाने गावोगावच्या प्रथा तपासायला समिती नेमली आणि तीत मी एकटी स्त्री होते. पहिल्याच बैठकीत चहाच्या वेळी एक ज्येष्ठ सदस्य सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, तुमच्या बीडकडं नाताळाला म्हणे आमरस असतो?" सगळे हसले. ते दुष्टपणे हसले नाहीत. त्या क्षणी मला तुमची लाज वाटली असे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आले. ते पुरेसे नेमके नाही. मला गाडीची, बैलांच्या रंगवलेल्या शिंगांची, पत्र्यासमोर मांडी घालून बसणाऱ्या, मोठ्याने नाक शिंकरणाऱ्या, उसाच्या पात्याने हात चिरलेल्या माणसांची लाज वाटली. मी म्हणाले, "त्या प्रथेचा अहवाल मी देते." मला बाजूला राहता आले असते. कुणी मागितला नव्हता.

अहवाल साडेतीन पानांचा होता. त्यात मी लिहिले की जन्मोत्सवाचा दिवस सोयीने हलवल्यास विश्वासी जनांच्या मनात उपासनेच्या वर्षाचा क्रम राहत नाही. की नाटकाची संहिता स्थिर नसून ती अशिक्षित नटांच्या तोंडी बदलते. की त्यात ख्रिस्ताचे दर्शन कोठेही नाही. गाडी तीन हजार सालात जाते त्या नाटकावर एक स्वतंत्र परिच्छेद होता. काल ती वही मी दोनदा वाचली. त्या काळातल्या ख्रिस्ती लोकांकडे एक खिडकी आहे, तीतून हवा तो दिवस पाहता येतो. त्यांनी जन्म पाहिला आहे, क्रूस पाहिला आहे, रिकामी कबर पाहिली आहे, इतक्या वेळा की आता खिडकीपाशी कुणी फिरकत नाही. चर्च स्वच्छ आहे आणि रिकामे आहे. आपली गाडी तिथेही उशिरा पोचते. तिथला पाळक गाडी हाकणाऱ्या बाईला विचारतो, तुम्ही काय पाहिले? ती म्हणते, "काईच न्हाई बापा. आमी गेलो तवा समदं उरकलं व्हतं. भांडी तेवढी घासून आलो." आणि ज्याने सगळे पाहिले आहे तो पाळक तिच्यासमोर खाली बसतो आणि म्हणतो, "ती भांडी कशी होती, ते सांगा."

यावर मी लिहिले होते: पुनरुत्थानाचा प्रत्यक्ष पुरावा हाती असूनही भावी मंडळी श्रद्धाहीन दाखवणे हे शिकवणीस बाधक आहे. वाक्य निर्दोष आहे. आजही मला त्यात बदलण्यासारखा शब्द दिसत नाही, आणि तरी ते मला शेवटपर्यंत वाचवत नाही.

अहवालाखाली माझे नाव नव्हते, समितीचे होते. आषाढात तुम्हाला वरून पत्र आले, सोबत अहवालाची प्रत. तुम्ही फोन केलात.

"वरून पत्र आलंय माय. वैशाखातला नाताळ बंद, नाटक बी बंद." मग म्हणालात, "लिवलंय मातर लई चांगलं. एक बी शब्द जास्तीचा न्हाई."

मी म्हणाले, "समितीचा निर्णय आहे, पप्पा. पाळायला हवा."

"पाळू की," तुम्ही म्हणालात.

एवढेच. त्यानंतरच्या दोन वर्षांत आपण ज्वारीबद्दल बोललो, आईच्या सांधेदुखीबद्दल बोललो, माझ्या बढतीबद्दल बोललो. तुमच्या आवाजात मी दर वेळी काहीतरी शोधत होते आणि काही सापडत नाही याचे समाधान मानत होते.

तुम्ही गेलात ते पौषात. सगळे फडावर. तुम्हाला उचलायला माणसे पुरेनात; पलीकडच्या गल्लीतले बौद्ध घरांतले चौघे आपणहून आले आणि त्यांनी खांदा दिला, नाहीतर काय केले असते हे मला माहीत नाही. विधी अकरा माणसांत झाला. तो शिस्तीत झाला, पाळकसाहेबांनी एकही ओळ वगळली नाही, आणि मी ते मनात नोंदवलेही.

वैशाखात मंडळी परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाहेर आले तर दारात टायरगाडी उभी, बैल जुंपलेले, गाडी रिकामी. गाडीसोबत सगळी पस्तीस घरे, धुतलेल्या कपड्यांत. सर्वांत पुढे गाडीवाली मावशी, जी तरुण सून असल्यापासून तुमच्या नाटकात गाडी हाकत आली आणि जिचे खरे नाव गाव विसरले. मला म्हणाली, "सलाम बाई. गुरुजीला न्यायला आलो."

"मावशी, त्यांना जाऊन चार महिने झाले."

"ठाव हाय की. चला, उशीर झालाच हाय, पर चला."

ते गाडी निघतानाचे तिचे दरवर्षीचे वाक्य होते, हे मला वह्या वाचल्यावर कळले. तेव्हा मी फक्त त्यांच्यामागून गेले. रिकाम्या गाडीमागे गाणी म्हणत ते चर्चपर्यंत आले, तिथून कबरीपर्यंत गेले, आणि प्रत्येकाने मूठमूठ माती पुन्हा घातली, लेकरांनीसुद्धा. मृताचा विधी दुसऱ्यांदा करण्याला कोणत्याही उपासनाक्रमात आधार नाही. मला ते अध्यायासकट माहीत होते. तुमची मयत खऱ्या अर्थाने त्या दिवशी उचलली गेली, हेही मला तिथे उभी असतानाच कळत होते.

माघारी येताना मावशी लिंबाखाली बसली आणि मलाही हात धरून बसवले. "बाई, आमी लई वंगाळ वागलो गुरुजीशी. दोन वर्सं धड बोललो न्हाई."

"का?"

"ते बंद केलं ना त्येनी. दसऱ्याला समदे दारात उभे, म्हनलं गुरुजी, आमचं वाक्य द्या. तर म्हनले, औंदा वाक्य न्हाई. वैशाखात आलो, तर चर्चला कुलूप. मग माझ्या लेकानं इचारलं, कुनी केली तक्रार, नाव सांगा, बघतो त्येला. तर गुरुजी म्हनले, मीच लिवलं वर. मी थकलो, माझ्यानं आता व्हत न्हाई." तिने पदराने तोंड पुसले. "आमी म्हनलं, थकले कशाचे. शिकलेल्या मानसाला आता आमची लाज वाटायली. तोंडावर बोलला माझा लेक, गुरुजी, आमचा वास यायला का आता? तर गुरुजी नुसते उभे."

पप्पा, तेव्हा मला बोलता आले असते. एकच साधे वाक्य होते, कर्ता, कर्म, क्रियापद: तो अहवाल मी लिहिला. मी हयातभर इतरांना स्पष्ट लिहायला शिकवले आहे. मी मावशीचा हात हातात घेतला आणि मान खाली घातली. तिला वाटले मला रडू आवरत नाही. तिनेच माझी समजूत काढली.

या आठवड्यात पेटीच्या तळाशी अहवालाची ती प्रत सापडली. घडीच्या रेषा फाटत आल्या आहेत, म्हणजे ती पुष्कळदा उघडली गेली. प्रत्येक परिच्छेदापाशी समासात लाल पेन्सिलीची बारीक खूण आहे, तशीच, डावीकडे जरा झुकलेली. फोनवरच्या तुमच्या 'लिवलंय मातर लई चांगलं' या वाक्याचा जो अर्थ मी तेरा वर्षे घेतला नव्हता तो आता समजून घ्यावाच लागला. मला लिहायला तुम्ही शिकवलेत. माझी वाक्यरचना तुम्ही कुठेही ओळखली असती. खाली मात्र काही लिहिलेले नाही. तुम्ही शेरा घातल्याशिवाय कुठल्याच मुलाची वही परत करत नव्हता. मी पान उलटून पाहिले, उजेडासमोर धरून पाहिले, पेन्सिलीने लिहून खोडले असेल म्हणून बोट फिरवून पाहिले. तुम्ही रागावला होतात की नाही हे मला कधीच कळणार नाही. लोकांनी तुम्हाला जे ऐकवले ते माझ्या वाट्याचे होते, आणि तुम्ही ते दोन वर्षे, मरेपर्यंत, माझ्या नावावर येऊ दिले नाही. मला वाचवलेत असे म्हणवत नाही, कारण मला तुम्ही त्यांच्यात उभे राहण्याची संधीही ठेवली नाहीत. हे लिहिताना मला माझाच संताप येतो. आताही मी दोष तुमच्याकडे सरकवते आहे.

हे पत्र लिहायला बसले तेव्हा वाटत होते की ते तुम्हाला आहे. अर्ध्यावर आल्यावर दिसले की ते मंडळीला लिहायला हवे होते, आणि चर्चमध्ये उभे राहून वाचायला हवे होते. तुम्हाला लिहिणे सोपे आहे. हे कुठे टाकायचे नाही आणि कुणी उघडणार नाही. तरी एक गोष्ट राहिली आहे ती लिहिते.

परवाच्या रविवारी उपासनेला चौदा माणसे होती. हंगाम संपून सगळे गावात आहेत, तरी चौदाच. मावशी आता ऊस तोडायला जात नाही, ऐंशीच्या घरात आहे, तिला कमी दिसते. उपासना झाल्यावर ती भिंतीला धरत माझ्यापाशी आली.

"बाई, एक इचारू? रागावू नगा. गुरुजीनं कावून बंद केलं असंल वं? तुमी लेक हाव, तुमाला तरी काई बोलले का?"

चर्चमध्ये आम्ही दोघीच होतो. दार उघडे होते. ती मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहत होती, तिला जितके दिसते तितके.

मी म्हणाले, "थकले होते ते, मावशी."